अर्क लागू पडला तर

सगळ्या पेशी मेल्या होत्या. त्याने सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसून पुन्हा पाहिलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, कालपर्यंत बशीला चिकटून ऐटीत वाढणाऱ्या, आज गोळा होऊन तरंगत होत्या. त्याच्या झाडपाल्याच्या अर्काने पहिल्यांदाच काहीतरी मारलं होतं. एरवी त्याच्या हातून मरायची ती घरातल्या कुंडीतली रोपं. खरं तर त्याने नाचायला हवं होतं. तो डोकं धरून बसला.

कारण ताई. छातीत गाठ निघाली तेव्हा तिने घरात जाहीरच केलं होतं, "मी त्या सुयांच्या फंदात पडणार नाही. माझा भाऊ अर्क काढतोय, तोच घेईन." बशीतल्या पेशी मरणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं, हे त्याने परोपरीने सांगितलं. पण इतकी वर्षं जेवताना फुशारक्या कोणी मारल्या होत्या? यानेच. शेवटी रडकुंडीला येऊन त्याने तडजोड केली: अर्क लागू पडेपर्यंत दवाखान्याचं औषध; लागू पडला की त्याच दिवशी सुया बंद. औषधाचे अजून डोस बाकी होते. आणि ताईशी खोटं बोलायची सोय नव्हती. खोटं बोललं की त्याचं नाक लाल व्हायचं.

तेवढ्यात त्याची नजर शेजारच्या बशीकडे गेली. तिच्यात अर्क नव्हताच. अर्क ज्यात विरघळवतात ते नुसतं अल्कोहोल होतं. त्याही पेशी मेलेल्या! म्हणजे पाल्याने काही दिवे लावले नव्हते, या शहाण्याने अल्कोहोलच जास्त ओतलं होतं. त्याने टुणकन उडी मारली. स्वतःच्या गाढवपणावर इतका खूश तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

तो धापा टाकत दवाखान्यात पोहोचला. नर्स ताईच्या हातावर शीर शोधत होती.

"ताई, फसलं! पुन्हा फसलं!"

ताईने त्याचं नाक नीट निरखून घेतलं. मग डोळे घट्ट मिटले आणि मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं. सुई आत जाईपर्यंत ती थरथरत होती.

"एवढी घाबरतेस?" त्याने विचारलं.

"मग काय! नुसतं 'घे' म्हणाला असतास तर पळून गेले असते. 'भावाचा अर्क लागू पडेपर्यंतच' म्हटलं की टोचून घ्यायला जमायचं."

"आणि अर्क खरंच लागू पडला असता तर?"

"छे रे! तुला मी लहानपणापासून ओळखते. त्याच भरवशावर तर इथवर आले."