गॅस की तेल

"तेल नको, गॅसच बरा," डॉक्टरांच्या आधी आबासाहेबच बोलून मोकळे झाले.

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. टोपी दिसली, दोन्ही कान दिसले. मधला चेहरा गायब. एक डोळा लहानपणीच गेलेला आणि आता उरलेल्या एकुलत्या एकाच्या पडद्याला मधोमध भोक. शेवगावकडच्या त्यांच्या गावच्या त्या सरपंच, आबासाहेब उपसरपंच. नगरला आणलं ती जीपही त्यांचीच. एरवी हात केला तरी न थांबणारी.

"नीट ऐका," पुण्याहून येणारे डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन दोन्हीत सारखंच. शेवटी डोळ्यात काय भरायचं, एवढाच फरक. गॅसचा फुगा वर चढतो. तुम्ही पालथ्या राहिलात की भोकावर दाबून बसतो. भोक बुजायची खात्री जास्त. पण दोन आठवडे तोंड जमिनीकडे. जेवतानासुद्धा. तेल भरलं तर उठा-बसा, फिरा. पण नजर तितकी येईलच असं नाही, आणि ते काढायला पुन्हा ऑपरेशन."

"तेलच भरा," चांगुणाबाईंचे यजमान उत्तमराव घाईनं म्हणाले. "आठ दिसांनी सभा हाय. आमच्या बौद्धवस्तीच्या नळाचा ठराव हाय. ही तिथं नसली की..."

"की मी बसंन की खुर्चीत," आबासाहेब गोड आवाजात म्हणाले. "डोळ्यापरीस नळ मोठा हाय का? बाईनं निवांत पडावं. नळाचं बघू पुढच्या साली."

ते कसं बघतात, ते चांगुणाबाईंना ठाऊक होतं. आबासाहेबांनी नुसती नजर फिरवली की सगळे मेंबर मुकाट हात वर करायचे. डोळा धरावा तर नळ जातो, नळ धरावा तर डोळा.

"डाक्टर," त्यांनी विचारलं, "पालथंच ऱ्हायचं, का घरातच ऱ्हायचं?"

डॉक्टर थबकले. "तोंड खाली असलं म्हणजे झालं. धूळ नको, धक्का नको. मग कुठं का असेना."

"मंग ग्यासच भरा." त्या टोपीकडे वळल्या. "आबासाहेब, ऑफिसात खाट टाका. मी पालथी पडून सभा घेते. वर केलेले हात मला दिसायचे न्हाईत. तवा नळाला ज्याचा इरोध आसंल, त्यानं आपलं नाव घेऊन मोठ्यानं सांगावं. वस्ती दाराशी ऐकाया बसंल."

आबासाहेबांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर बसवली.

"ऑफिसात खाट मावायची न्हाई," आबासाहेब शेवटी म्हणाले.

"मावंल," उत्तमराव उठत म्हणाले. "एक खुर्ची भाईर काढू."