दोघांत एक गोळी

उषाबाई दारात आल्या तेव्हा चंचल पोळपाटावर गोळी कापत होती.

गोळी सरकारी दवाखान्याच्या सेंटरवर मिळते ती, पांढरी, लांबट. दिवसाला एक. उषाबाईंनीच तिला ती सुरू करून दिली होती, आणि ही पोरगी एक दिवस चुकवत नाही असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलंही होतं. सुरीखाली कट्ट असा आवाज झाला. एक तुकडा चंचलने तोंडात टाकला, वर घोटभर पाणी प्यायली. दुसरा लाटण्याने चिरडला आणि ताटातल्या भरितात बोटाने कालवला. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं.

"या ना ताई," ती म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवून तिने खाटेकडे खूण केली.

खाटेवर तिचा नवरा योगराज झोपला होता. पांडेसरा भागातल्या डाइंग मिलमधून रातपाळी करून आलेला. नखांतला निळा रंग तसाच. नवागामची ती एकच खोली. शेजारच्या लूमच्या खडखडाटात त्याला गाढ झोप लागायची, पण बायका कुजबुजल्या की तो जागा व्हायचा. त्याच्या लेखी उषाबाई बचत गटाच्या, आणि चंचल दुपारी उधन्याला साड्यांना लेस लावायला जाणारी. ती जायची ते गेस्ट हाउसवर, गिऱ्हाइकांकडे. उषाबाईही कधीकाळी तेच करत. आता त्या एका आरोग्य संस्थेकडून अशा बायकांना भेटत, तपासणीला नेत, समजावत.

आजही समजवायलाच आल्या होत्या. चंचलच्या रक्तातला एचआयव्हीचा विषाणू वाढलेला निघाला होता. औषध लागू का पडत नाही, हे डॉक्टरांना कळत नव्हतं. उषाबाईंना ते आता पोळपाटावर दिसलं.

"कधीपासून हे?"

"दिवाळीपासून."

"अगं, वेडी का खुळी तू?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, बैठकीत. गोळी पोटात असली की नवरा-बायकोत एकमेकांना लागत नाही म्हणून."

उषाबाई तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. गोळी कुणी घ्यायची, किती दिवस, रक्त परत कधी तपासायचं, तेही त्या बोलल्या होत्या. पण तोवर चहा आला होता, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि बायका घरी जायच्या घाईत होत्या.

"ज्याला आजार आहे त्यानं घ्यायची गं ती. तीही पूर्ण."

"अन् त्यांचं काय मग?"

"त्याच्यासाठी निरोध. गिऱ्हाईक घेतेस का तू कधी बिनानिरोधाचं?"

"गिऱ्हाइकाचं काय ताई, नाही म्हटलं तर उठून जाईल." चंचल तोंडावर पदर धरून हसली. "माझं ऑपरेशन झालंय, दोन पोरांवर. घरात निरोध काढला तर ते विचारतील ना, हे आता कशाला? कुठं शिकून आलीस? काय सांगू, लेसच्या कारखान्यात शिकवतात?"

संस्थेच्या प्रशिक्षणात नवऱ्याशी कसं बोलावं याचा एक दिवस असायचा. शिकवणाऱ्या बाई फार गोड बोलायच्या.

खाट करकरली.

"कोन शे वं?"

"बचत गटन्या ताई शेतस," चंचल म्हणाली.

योगराज उठून बसला. लुंगी सावरत त्याने उषाबाईंना हात जोडले. "मावशी, तुमना गटमा हिले जरा रांधानं शिकाडा. वांगानं भरीत बी कडू लागस हिना हातनं."

असं म्हणत त्याने ताट ओढलं आणि भाकरीच्या तुकड्याने भरीत पुसून खाल्लं. उषाबाईंचा हात पुढे झाला होता, तो त्यांनी तसाच मागे घेतला. तोंड वेडंवाकडं करून योगराज बायकोकडे बघत हसला. "पन खाई लेस. काय करू, घरनी बाई शे."

मग तो बादली घेऊन नळावर गेला.

उषाबाईंनी चंचलचं मनगट धरलं. "ऐक माझं. अर्ध्या गोळीनं आजार दबत नाही, उलट औषधाला सरावतो. तुझं तेच झालंय. आता दुसरी औषधं लागतील, ती तरी पूर्ण घे. आणि त्याला तपासायला नेऊ आपण."

"न्यायचं तर सांगावं लागेल."

"मी सांगते. नाहीतर डॉक्टर सांगतील."

"अन् मग?"

मग काय होतं ते उषाबाईंनी पुष्कळ घरांत पाहिलं होतं. तू एकटीनं पूर्ण घेतली असतीस तर त्याला तुझ्यापासून धोका उरलाच नसता, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

चंचलने मनगट सोडवून घेतलं. तिची निघायची वेळ झाली होती. भिंतीवरच्या आरशात बघून तिने टिकली लावली आणि तशीच पाठमोरी उभी राहिली.

"म्हणजे अर्धीनं त्यांना काहीच फायदा झाला नाही?"

"नाही."

बाहेर नळावर योगराज कुणाशी तरी मोठ्याने हसत होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पूर्णच द्यायला हवी होती त्यांना."