आधीचा फोटो

हनुवटीवरच्या खळीवर बोट ठेवून आबासाहेब म्हणाले, “ही बुजवायची. निवडणुकीच्या आत.”

“फिलरचं इंजेक्शन वर्षभर टिकतं. इम्प्लांट घातलं तर कायमचं,” मास्क लावलेल्या डॉक्टरने सांगितलं.

“कायमचंच करा. विरोधक बोंब मारतायत, कुणा नर्सला म्हणे माझ्यापासून मुलगी झाली. उद्या ती हीच खळी घेऊन माझ्या सभेत उभी राहिली, तर?”

“आणि ती नर्स?”

“पोर घेऊन दारात आली होती. कुत्री सोडली अंगावर. परत फिरकली नाही.” ते खो खो हसले.

आईच्या पोटरीवरचे दातांचे व्रण डॉक्टर लहानपणापासून पाहत आली होती. शेवटची आंघोळ घालतानाही ते तिनेच धुतले होते.

“करू या,” ती शांतपणे म्हणाली. “पण आमच्याकडे उपचाराआधी फोटो काढतात.” तिने असिस्टंटला कॅमेरा घेऊन बोलावलं आणि आबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून मास्क खाली ओढला. “दोघांचा काढ गं.”

समोरच्या आरशात तीच खळी दोनदा दिसली. आबासाहेबांचा हात झटकन हनुवटीवर गेला.

“हात काढा, बाबा,” ती म्हणाली. “खळी नीट येऊ दे.”