उशाशी बटण

आईला मोबाइल जमेना, म्हणून त्याने तिच्या उशाशी एक बटण ठेवलं. ते दाबलं, की घरच्या वायफायवरून त्याच्या लॅपटॉपला कळायचं आणि त्यावर त्याने जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम, एक वेब सर्व्हिस, त्याचा फोन वाजवायची.

"बटणाची हाक ऐकायला वेगळा सर्व्हर लागतच नाही, तो या प्रोग्रॅमच्या पोटातच आहे," दुसऱ्या दिवशी ऑफिसात लॅपटॉप उघडून त्याने सगळ्यांना दाखवलं.

"मुलगा असावा तर असा!" साहेब म्हणाले. दिवसभर फोन वाजला नाही, त्यामुळे तोही निर्धास्त.

संध्याकाळी घरी आला, तर आई पलंगाशेजारी जमिनीवर पडलेली, बटण मुठीत. बटणाची हाक ऐकणारा लॅपटॉप त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत होता.

"असू दे रे," आई म्हणाली.

"तू कामात असशील, म्हणून मग मीच दाबायचं सोडलं."