मामाचं हवाई अंतर

मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती आणि नवरीचा मामा अजून विमानतळाच्या दारात टॅक्सी शोधत होता. ढगांमुळे त्याचं विमान तासभर नागपूरवर नुसतं घिरट्या घालत राहिलं होतं.

"मामा आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही," गार्गीने खोलीतून बजावलं. तिचे वडील रत्नाकरराव मांडवात येरझारा घालत होते. दोष त्यांचाच होता. "पुणे-नागपूर हवाई अंतर सव्वासहाशे किलोमीटर, वेळ सव्वा तास," असं महिनाभर ऐकवून त्यांनीच मेहुण्याला आदल्या दिवशीचं रेल्वेचं तिकीट रद्द करायला लावलं होतं.

"मंगलाष्टकं वेळेवर सुरू करू," गुरुजी म्हणाले. "मुलगी शेवटच्या 'सावधान'ला आली तरी भागेल. पण माझी पाच मिनिटांत संपतात हो."

रत्नाकररावांनी थोरल्या बहिणीला गाठलं.

"ताई, तू रचलेली मंगलाष्टकं किती कडव्यांची गं?"

"अकरा. दर लग्नात तूच मला दुसऱ्या कडव्यालाच खाली बसवतोस!"

"आज सगळी म्हण."

मामा धापा टाकत गार्गीला घेऊन आला, तेव्हा ताईंचं सहावं कडवं संपत आलं होतं. रत्नाकरराव सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकले. गुरुजींनी लगबगीने शेवटचं "सावधान" म्हणायला तोंड उघडलं. ताईंनी मिटलेले डोळे न उघडता हात वर करून त्यांना थांबवलं, आणि सातवं सुरू केलं.