मागे पडण्याचा धडा

"हनुवटी छातीला लावा," म्हणत प्रशिक्षकांनी व्हीलचेअर मागे कलंडवली. फिजिओथेरपिस्ट हेमांगी खुर्चीसकट गादीवर उताणी पडली, पण डोकं आपटलं नाही. "पेशंटला घरी पाठवण्याआधी एवढं शिकवायचंच," ते आपल्या व्हीलचेअरवरून म्हणाले.

गेल्या महिन्यात तिचा पेशंट निवृत्ती याचा गावाहून फोन आला होता. "मॅडम, उंबरठा चढताना खुर्ची मागं कलंडतीया."

"मग बायकोला मागून धरायला सांगा," म्हणून तिनं विषय संपवला होता. चार दिवसांनी बायको मजुरीला गेलेली असताना तो एकटाच चढायला गेला. डोकं मागच्या पायरीवर आपटलं. वाचला नाही.

हेमांगी उठेना. छताकडे बघत तिनं विचारलं, "सर, हे शिकवायला किती वेळ लागतो?"

प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिलं. "तुम्हाला सात मिनिटं लागली."