पालथी पाटी

पनवेलच्या बाजारात कोळणींचा एक रिवाज होता. जागेवर मासळीची पाटी पालथी घालून गेलं, की ती जागा राखलेली. बाई बाळंतपण उरकून चार महिन्यांनी परतली, तरी तिच्या जागेला कुणी शिवत नसे.

अठ्ठावन्न साली बाजार नवा करायचं ठरलं. चिखल जाऊन फरशीचे ओटे येणार, वर छप्पर येणार. ओटा हवा असेल त्यांनी कचेरीत नाव लिहून यावं, अशी दवंडी फिरली. भामा हसली. "तीस वर्सं त्या कोपऱ्यात बसते मी. नाव कशाला? माजी पाटी हाय ना तिथं." पाटी पालथी घालून ती सहा महिने दारोदार मासळी विकत फिरली.

उद्घाटनाच्या सकाळी त्या कोपऱ्यातल्या ओट्यावर गोदू बसली होती. तिला हा धंदा भामानेच शिकवला होता.

"गोदू, ही जागा माजी हाय."

"माज्या नावाची चिठ्ठी निघाली, बय. मी काय करू?" गोदूने मान वर केली नाही. "तुजी पाटी मजुरांनी खडी वाहायला नेली."

तेवढ्यात बँड वाजला. पाहुण्यांना बघायला सगळ्या धावल्या. गोदूही उठली आणि सवयीने मासळीवर पाटी पालथी घालून गेली.

भामा तिथेच उभी राहिली. उरणची एक नवखी कोळीण आली आणि त्या ओट्यावर आपली टोपली टेकवू लागली.

भामा तिच्या अंगावर खेकसली, "दिसत नाय काय गो? पाटी पालथी हाय."